पाणपोईचे पाहुणे

प्रत्येक पत्राला उत्तर असतंच. ते आपण दिलं नाही, तर पत्र पाठवणारा आपल्या वतीनं लिहून घेतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांचा सगळा कारभार या एका सत्यावर उभा आहे, आणि तो उत्तम चालला आहे असं माझं मत आहे. (मत चुकीचं असू शकेल. मी नोकरीभर एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होतो. तिथं मतं कपाटात असत आणि कोणी मागितल्याशिवाय बाहेर येत नसत.)

मी उत्तर न दिलेलं पत्र आमच्या पुंडलिकनगरातल्या गोदामाई सहकारी गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब यांचं होतं. नानासाहेब तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी त्याच जिन्याला तळमजल्यावर. पत्र मात्र रजिस्टर पोस्टानं आलं. (हाक मारली असती तर ऐकू आली असती, पण हाकेची पोच मिळत नाही.) मजकूर असा: 'संस्थेच्या संगणकाने अनोळखी परस्थांशी परस्पर संधान बांधल्याच्या प्रकरणी संगणकचालिका सत्यशीला यांना कामावरून कमी करावे किंवा कसे, याबाबत चौकशी समितीचे सदस्य या नात्याने आपले मत कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास, कमी करण्यास आपली संमती आहे असे गृहीत धरण्यात येईल.'

उत्तर मी लिहायला बसलो नाही असं नाही. पहिल्या मसुद्यात 'माझ्या अल्पमतीप्रमाणे' असं लिहिलं, मग वाटलं की अल्पमती म्हटल्यावर मत कशाला धरतील. दुसऱ्यात ते खोडलं, तर पत्र उद्धट वाटू लागलं. पुढच्या मसुद्यांची कथा याहून वेगळी नाही, म्हणून ती सोडून प्रकरणाकडे वळतो.

आमच्या संस्थेत अठ्ठेचाळीस सदनिका आहेत, तीन बोअर आहेत आणि पाणी नाही. शहर वाढत असल्याची ही निर्विवाद खूण आहे. आमच्या मागच्या मोकळ्या जागेत यंदाच्या उन्हाळ्यात आणखी एक इमारत उठते आहे. तिथंही पाणी नाही, पण जाहिरातीत पोहण्याचा तलाव आहे. आमचं सगळं टँकरवर. टँकरचा नंबर कोणाचा आणि कोणाच्या टाकीत किती पाणी, हे पूर्वी फळ्यावर लिहीत, आणि फळ्यापुढे भांडणं होत. म्हणून संस्थेनं 'पाणपोई' नावाचा संगणक प्रोग्राम घेतला. आता भांडणं होतात, पण ती छापून मिळतात.

'पाणपोई'वर सगळ्यांचा विश्वास बसला, त्याचं कारण तांत्रिक आहे. प्रोग्राम सुरू केला की पडद्यावर आधी गणपती येतो आणि घंटा वाजते. नानासाहेब कार्यालयात येताना चपला बाहेर काढतात. संगणक कधी बंद करत नाहीत, कारण उजेडात बसलेल्या देवाला अंधारात घालायचं नसतं. (विजेचं बिल 'धार्मिक कार्यक्रम' या सदरात टाकलं जातं.) असा प्रोग्राम काही गैर करील, ही शंका घेणं सभ्यपणाचं नव्हतं.

शंका घेतली सत्यशीलेनं. ही पाचोडची मुलगी, वाणिज्य शाखेची पदवीधर. नवरा वाळूजला कंत्राटी कामावर. काम असलं तर असतं. घर हिच्या पगारावर चालतं, हे साऱ्या संस्थेला माहीत आहे, कारण ती कधी रजा घेत नाही. मार्चमध्ये कुठल्याशा व्हायरसनं देखभाल शुल्काच्या पावत्या खाल्ल्या, तेव्हा तिनं संगणकावर एक पहारेकरी प्रोग्राम बसवला. कोणी आत येऊ नये म्हणून. पण या पहारेकऱ्याला आतून बाहेर जाणारेही दिसतात. दुसऱ्याच दिवशी त्यानं विचारलं, की 'पाणपोई' बाहेर जाऊ पाहते आहे, जाऊ द्यायचं का? तिनं लक्ष ठेवलं. कोणाच्याही टाकीचा आकडा भरला रे भरला, की 'पाणपोई' बाहेर जाऊन कोणाला तरी काही तरी सांगून येत होती. गणपती आणि घंटा यांच्यात त्यामुळे काही फरक पडत नव्हता.

हे तिनं नानासाहेबांना लेखी कळवलं. आपल्याकडे खबर देणाऱ्याविषयी दोन विचारप्रवाह आहेत: याला कसं कळलं, हा पहिला, आणि यालाच कसं कळलं, हा दुसरा. नानासाहेब दोन्ही प्रवाहांचे आहेत.

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष अर्थातच नानासाहेब, पैठण बाजूला जमीन आणि शहरात प्लॉट असलेले. पाचोडच्या बाजारात भाजी विकून फ्लॅट घेतलेल्या गोजरबाई. मेंढीपालन केंद्रातून निवृत्त झालेले मल्हारराव. पुस्तकं वाचतो म्हणून मी. पाचवे एक कुलकर्णी होते. ते पाण्यासाठी मुलाकडे पुण्याला गेले आणि त्यांची जागा रिकामी राहिली.

तपासाची पद्धत मल्हाररावांनी दिली. त्यांच्या घराण्याची मेंढरं अजून वेरूळच्या डोंगरकडेला चरतात, आणि स्वतः मल्हाररावांनी अनेक सोयरिकी जुळवल्या आहेत, त्यातली एकही मोडलेली नाही. त्यांचं म्हणणं, अनोळखी माणसाची चौकशी करायची रीत एकच: गाव कोणतं, मामाचं गाव कोणतं, पाहुणे कोण, पाणी आहे का. मग तो मुलगा असो, मुलगी असो, नाहीतर आणखी काही असो.

सत्यशीलेनं पहारेकऱ्याकडून पत्ते काढले. ते नुसते आकडे होते, मध्ये ठिपके. मल्हाररावांनी ते जन्मवेळेसारखे उतरवून घेतले. मग ती एकेक आकडा शोधून गाव सांगू लागली.

"गाव कोन्तं म्हनलीस?"

"डब्लिन, काका. आयर्लंडमध्ये आहे."

"पाऊसपानी?"

तिनं तेही शोधलं. "बारा महिने पडतो."

नानासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मल्हारराव शेवटी म्हणाले, "मंग जाईना तर काय करंल ते. आमची मेंढरं बी जातेत की चारणीला."

"काका, पण हे जाताना आपली माहिती घेऊन जातं."

"अन् येताना?"

"रिकामंच येतं."

हे मल्हाररावांना पटलं नाही. चरून आलेलं जनावर रिकामं येत नसतं, ते कुठं तरी दूध देतंच. कुठं देतं ते बघा, असा त्यांनी शेरा मारला. आमच्या संपूर्ण तपासात शास्त्रीय म्हणावं असं एवढंच वाक्य होतं. बाकी शेरे नेहमीचे होते. सिंगापूर: घर चांगलं, पण वर्दळ फार. अमेरिकेतलं एक गाव: मामाकुळाचा पत्ता लागत नाही. मुंबई: जवळचं स्थळ, पण कोणी दार उघडत नाही.

दूध कुठं जातं ते लवकरच कळलं. सभासदांना फोन येऊ लागले होते. गोजरबाईंची टाकी अकराला रिकामी होई, आणि सव्वाअकराला गोड आवाजात एक मुलगी विचारी, "मॅडम, पाण्याची अडचण आहे का?" मग ती फिल्टरची माहिती देई, किंवा मोठ्या टाकीची, किंवा चोवीस तास पाणी असलेल्या वसाहतीतल्या प्लॉटची. सभासद भारावून गेले. पाण्यासाठी ज्या कार्यालयात आम्ही खेटे घालत होतो, (कोणतं ते संबंधितांना माहीत आहे,) तिथून कधी कोणी साधं 'आहे का' म्हणून विचारलं नव्हतं. समितीच्या पाहणीनुसार ब्याण्णव टक्के सभासदांना फोन आले, अठ्ठ्याऐंशी टक्क्यांना बरं वाटलं, आणि ज्यांना आले नाहीत त्यांनी आम्हालाच का वगळलं अशी तक्रार केली. पहिल्या मजल्यावरच्या एका आजोबांनी तर टाकी भरलेली असतानाही आकडा शून्य लावायला सांगितला. मुलगा दुबईला असतो. तेवढंच कोणी बोलतं, म्हणाले.

इथवर प्रकरण आनंदाचं होतं. ते गंभीर झालं समितीच्या एका बैठकीत. नानासाहेबांचा फोन वाजला आणि हातात चहा असल्यामुळे त्यांनी तो टेबलावर ठेवून मोठ्यानं लावला. मुलगी म्हणाली, "सर, आपण या महिन्यात आपल्या नंबराव्यतिरिक्त सात टँकर घेतलेत. आपल्याला आणखी मोठी टाकी लागेल का?"

नानासाहेबांनी चहा संपवला. फोन संपायची वाट मात्र पाहिली नाही.

त्या क्षणापासून संगणकाचं बाहेर जाणं हा गुन्हा ठरला, आणि गुन्हा म्हटलं की गुन्हेगार लागतो. 'पाणपोई'वर संशय घेता येईना, समोर गणपती. म्हणून सत्यशीलेवर घेण्यात आला. पुरावे भक्कम होते: एक, तिला संगणक कळतो, दोन, संस्थेत दुसऱ्या कोणाला कळत नाही, तीन, बाहेर जाणं तिलाच आधी दिसलं, चार, तिनं मार्चमध्ये नवा फोन घेतला. (जुना संस्थेच्या टाकीवरचा आकडा पाहताना टाकीत पडला होता. टाकीत पाणी नव्हतं, म्हणून फुटला.) 'तूर्त' कामावर येऊ नये, असं तिला सांगण्यात आलं. आमच्या संस्थेत 'तूर्त' लावलेल्या गोष्टींमध्ये लिफ्टचं काम, वाचनालयाची खोली आणि गच्चीवरची गळती यांचा समावेश होतो.

गोजरबाईंना हे आवडलं नाही. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं चहाडी कोन करतं ते बघायचं असलं, की एकेकीच्या कानात येगयेगळी खोटी गोष्ट सोडायची. जी गोष्ट गावभर फिरून येती, तिचा कान सापडतो."

त्याप्रमाणे दोन खोट्या गोष्टी तयार झाल्या. एक सत्यशीलेच्या कानात: नानासाहेब फ्लॅट विकून वेरूळला राहायला चालले. दुसरी 'पाणपोई'च्या कानात: सदनिका क्रमांक एकोणपन्नास, मालक कडुबा. अशी सदनिका नाही आणि असा मालकही नाही. फोनची जागा रिकामी राहीना म्हणून मल्हाररावांचा जास्तीचा नंबर दिला. मग 'पाणपोई'नं लाल चांदण्या दाखवून आणखी विचारलं: वय, विवाहित की अविवाहित, मासिक उत्पन्न. वय चौतीस, अविवाहित, हे गोजरबाईंनी सांगितलं. उत्पन्न मल्हाररावांनी भरलं. ते भरघोस होतं. स्थळाचं उत्पन्न कमी सांगायची त्यांना सवय नाही.

नानासाहेब वेरूळला चालले, हे आजतागायत कोणाकडूनही परत ऐकू आलेलं नाही. सत्यशीलेनं ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

कडुबांना मात्र दुसऱ्या सकाळी पहिला फोन आला. दुपारपर्यंत त्यांचं कर्ज मंजूर झालं. संध्याकाळी वेरूळ रस्त्याला त्यांच्या नावानं प्लॉट राखून ठेवण्यात आला. आठवड्यात त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या, (तारीख आम्ही भरली नव्हती, त्यांनी अंदाज केला असावा,) आरोग्याचा विमा आला, आणि एका विवाहसंस्थेकडून मुलगी सांगून आली. मल्हाररावांनी मामा या नात्यानं बोलणी केली. मुलगा कमी बोलतो, ही एकच उणीव निघाली, आणि ती समोरच्यांनी गुण म्हणून घेतली. मल्हारराव इतके रंगले, की त्यांनी मुलीचं गाव, मामाचं गाव आणि विहिरीचं पाणी या सगळ्याची माहिती काढली आणि नकार दिला. विहीर आटली होती.

पुढच्या सोमवारी एकोणपन्नास नंबरच्या नावानं टँकर आला. चालक म्हणाला, पाणी दुसऱ्या कोणाच्या टाकीत टाकता येत नाही, मालकाची सही लागते. मल्हाररावांनी मामा म्हणून सही केली. प्रत्येक घराला दोन दोन बादल्या मिळाल्या. त्या संध्याकाळी जिन्यात जो तो म्हणत होता की माणूस असावा तर कडुबांसारखा. आल्या आल्या संस्थेसाठी काही तरी केलं. पुण्याला गेलेल्या कुलकर्ण्यांच्या रिकाम्या जागेवर चौकशी समितीचे स्वीकृत सदस्य म्हणून कडुबांची एकमतानं निवड झाली. मी हात वर केला नव्हता, पण खालीही ठेवला आहे असं कोणाला दिसलं नाही.

चहाडी 'पाणपोई' करते, हे सिद्ध झालं. सत्यशीलेला बैठकीत बोलावण्यात आलं. आता तिची क्षमा मागितली जाईल असं मला वाटलं. (माझे अंदाज यापूर्वीही चुकले आहेत.) नानासाहेब म्हणाले, प्रोग्राम बाहेर जातो हे मान्य, पण कोणाच्या तरी परवानगीशिवाय तो जाणार नाही, तो देवमाणूस आहे. परवानगी कोणी दिली?

सत्यशीला उभीच होती. तिनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "नाना, परवानगी तुम्ही दिलीत. नारळ फोडून."

फोटो 'पाणपोई'च्या उद्घाटनाचा होता. उद्घाटनाला फीत कापायची की दिवा लावायचा यावर वाद झाला होता, आणि संगणकाचं उद्घाटन बटण दाबूनच व्हावं असं ठरलं. पडद्यावर त्या वेळी एकच बटण होतं. त्यावर 'मान्य आहे' असं लिहिलेलं होतं आणि वर इंग्रजीत बारीक अक्षरांची चाळीसेक पानं होती. पानं कोणी उघडली नाहीत, मुहूर्त टळत होता. नानासाहेबांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या. लगेच ब विंगचे प्रतिनिधी रुसले, की मान फक्त अ विंगला का. मग प्रोग्राम काढून पुन्हा बसवला आणि त्यांनी दाबलं. मग क विंग. मग महिला प्रतिनिधी म्हणून नानासाहेबांच्या सौभाग्यवती. शेवटी पाहुणे आमदारांचे स्वीय सहायक उशिरा आले, म्हणून आणखी एकदा. जगात एवढी मनापासून, हार घालून, पाच वेळा संमती कुठल्याही प्रोग्रामला मिळाली नसेल. प्रत्येक वेळी पेढे वाटले होते.

सत्यशीलेनं ती चाळीस पानं आता, घरी बसून, वाचली होती. तिसाव्या पानावर लिहिलं होतं, की माहिती कोणाकोणाला दिली जाईल ती यादी बदलू शकते, आणि ग्राहकाने पंधरा दिवसांत हरकत न घेतल्यास त्याची संमती गृहीत धरली जाईल.

नानासाहेबांनी ते वाक्य तिला दोनदा वाचायला लावलं. इतकं कामाचं वाक्य त्यांना बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं. त्याच बैठकीत ते संस्थेच्या उपविधीत घालण्यात आलं. आणि मग त्यांनी निकालाची दिशा सांगितली: उद्घाटन करणं हे मान्यवरांचं काम, वाचणं हे चालिकेचं. तिनं वेळेवर वाचलं नाही. निर्णय मतांनी व्हावा.

मतं अशी पडली. नानासाहेब: कमी करावे. गोजरबाई: करू नये. मल्हारराव: करू नये, "जी पोरगी घरातलं खरं सांगती, तिला घराबाहेर काढत नसतेत." चौथे सदस्य कडुबा यांना रजिस्टर पत्र पाठवण्यात आलं. ते सदनिका सापडत नाही म्हणून परत आलं, मुदतीत उत्तर आलं नाही, म्हणून नव्या उपविधीप्रमाणे त्यांची संमती धरण्यात आली. दोन विरुद्ध दोन. पाचवा मी, आणि ही बरोबरी झाल्यावर मला आलेलं पत्र सुरुवातीला सांगितलं आहेच.

काल सत्यशीला दारात आली होती. आत ये म्हटलं तर आली नाही. म्हणाली, "सर, तुम्ही चांगलंच लिहाल, मला माहीत आहे. फक्त चांगलं लिहायच्या नादात पंधरा दिवस जाऊ देऊ नका. एक तारखेला घरभाडं आहे." आणि मग, जिन्यात वर पाहून, "त्या कडुबांनासुद्धा माझ्याविरुद्ध जायला एक मत मिळालं, सर. तुम्ही तर खरे आहात."

मी रात्री जेवलो नाही. हे पोटाच्या तक्रारीमुळेही असेल.

अडचण माझ्या मताची नव्हती. मत माझं पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. अडचण उपविधी क्रमांक बावीसची आहे. त्यानुसार, एका दोषीला सोडायचं असेल तर सदस्याने दुसऱ्या दोषीचं नाव देणं बंधनकारक आहे, कारण दोषीशिवाय चौकशी बंद करता येत नाही. मी सगळी नावं विचारात घेतली. 'पाणपोई'चं नाव देता येत नाही, भावना दुखावतील. नानासाहेबांचं नाव दिलं तर अहवालावर सही त्यांचीच लागते. कडुबा फार लोकप्रिय आहेत, आणि मल्हारराव त्यांच्यासाठी दुसरं स्थळ पाहताहेत. स्वतःचं नाव मी आनंदानं दिलं असतं, पण दोषीचं मत बाद होतं. मग मतं दोन-दोन राहतात, आणि बरोबरी झाली की अध्यक्षांचं मत दोनदा मोजतात. म्हणजे सत्यशीला जाते.

संस्थेबाहेरचा कोणी तरी हवा होता. वाचता येणारा, पण वेळेवर न वाचणारा. ज्यानं कधी तरी, कशाला तरी, बारीक अक्षरांच्या पानांखालचं 'मान्य आहे' दाबलं आहे, आणि पानं उघडलेली नाहीत. शिवाय भला, शांत, सगळं समजून हसणारा. जो समोर एका मुलीची नोकरी जाताना पाहील आणि पुढे काय होतं म्हणून पान उलटील.

असा माणूस शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही.

आज सकाळी मी उत्तर लिहिलं. एकच मसुदा केला. 'सत्यशीला निर्दोष आहेत. त्यांना आजपासून पूर्ववत कामावर घ्यावे, तूर्त हा शब्द न वापरता. उपविधी बावीसप्रमाणे दोषी: ही हकीकत वाचणारी व्यक्ती. सदर व्यक्तीने ती पहिल्या ओळीपासून इथपर्यंत वाचली असून कोठेही हरकत घेतलेली नाही. त्यावरून तिची संमती गृहीत धरली आहे.'

दहा वाजता पोस्ट उघडलं, तेव्हा रांगेत मी पहिला होतो. रजिस्टर केलं, पोच घेतली. तीन मजले चढायला ते पत्र काही दिवस घेईल, पण मुदतीत टाकलं आहे.

आपली हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. आपल्याला समितीचं पत्र येईलच. पत्ता विचारण्याची गरज पडणार नाही.